आरंभबिंदू कुठे आहे? मध्यमेश्वरापासून माऊसच्या क्लिकपर्यंत



इयत्ता नववीच्या गणित भाग २ मध्ये 'निर्देशक भूमिती' हे प्रकरण आहे. ते शिकवताना "सर, याचा उपयोग काय?" हा प्रश्न हमखास येतो. यंदा मात्र प्रश्न जरा वेगळा आला. संगणकावर माऊसचा बाण आपोआप फिरतो आणि फॉर्म भरतो, असा व्हिडिओ एका मुलाने मोबाईलवर पाहिला होता. त्याने विचारलं, "सर, त्याले कसं समजते कुठं दाबाचं ते?"

मला वाटतं, या प्रकरणाची याहून चांगली सुरुवात नाही.

अशा कृत्रिम बुद्धिमत्तेला 'एजंट' म्हणतात. ॲन्थ्रॉपिक कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशी सोय आणली, ओपनएआयने जानेवारी २०२५ मध्ये 'ऑपरेटर' आणला. काम अगदी सोप्या पायऱ्यांनी चालतं. आधी पडद्याचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट घ्यायचा. त्यात हवं ते बटण शोधायचं. त्याचे निर्देशक सांगायचे, समजा (८००, ५००). एक छोटं साधन माऊस तिथे नेऊन क्लिक करतं. मग पुन्हा फोटो, पुन्हा क्लिक.

आता फळ्यावर आलेख काढून मुलांना विचारा, पडद्याचा आरंभबिंदू कुठे? बहुतेक मुलं मधोमध बोट ठेवतात. पण पडद्यावर (०, ०) हा वरचा डावा कोपरा असतो आणि वाय निर्देशक खाली जाताना वाढतो. आपल्या आलेखाच्या बरोब्बर उलट! म्हणजे नुसते आकडे सांगून भागत नाही, कुठून मोजले तेही सांगावं लागतं.

ही गोष्ट आपल्या वाशिमकरांना परकी नाही. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. जुन्या ज्योतिषग्रंथांत लंका आणि उज्जैनवरून जाणारी मध्यरेषा मानली आहे. त्या रेषेवरच्या गावांत वत्सगुल्माचंही नाव येतं. शहरातलं मध्यमेश्वराचं मंदिर याच रेषेच्या जागी आहे असं मानतात. आजच्या नकाशात पाहिलं तर उज्जैन पंच्याहत्तर अंशांच्या थोडं पुढे आणि वाशिम सत्त्याहत्तरच्या आसपास, म्हणजे दोन्ही गावं एका रेषेवर येत नाहीत. पुढे १८८४ मध्ये ग्रीनिच ही शून्य रेषा ठरली. गाव जागेवरच राहिलं, आकडा बदलला. मुलांना हे सांगितलं की आरंभबिंदू हा माणसांनी ठरवलेला असतो, हे चटकन कळतं.

पुढचा मुद्दा गुणोत्तराचा. पडदा १९२० × १०८० चा आहे आणि फोटो लहान करून ९६० × ५४० चा केला. फोटोत बटण (४००, २५०) वर दिसतं, पण खऱ्या पडद्यावर ते (८००, ५००) वर आहे. दोनने गुणायचं राहिलं की क्लिक भलतीकडेच. पान थोडं सरकलं, मध्येच एखादी सूचना उघडली, तरी तेच.

हे समजावायला वर्गात एक खेळ घ्या. फरशीवर खडूने चौकटी आखा. एका मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधा. दुसऱ्याने चौकटींकडे एकदाच बघायचं, मग पाठ फिरवून आकडे सांगायचे. तेवढ्यात तिसऱ्याने ठेवलेली वही गुपचूप दोन घरं सरकवायची. पहिला अगदी बरोबर आकड्यावर पोहोचतो, पण हाती काहीच लागत नाही. हसता हसता मुलांना कळतं की आकडा बरोबर असूनही उत्तर चुकू शकतं, कारण फोटो जुना होता.

यावर दुसरा मार्ग आहे. पानाच्या आतल्या रचनेतून बटण नावाने शोधायचं. "तिसऱ्या गल्लीतलं चौथं घर" म्हणण्याऐवजी "सरपंचांचं घर" म्हणावं, तसं. घर कुठेही असो, सापडतं. पण काही पानांवर बटण म्हणजे नुसतं चित्र असतं, त्याला आत नावच नसतं. तिथे निर्देशकांशिवाय इलाज नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्यापैकी प्रत्येकाचा बराच वेळ विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरण्यात जातो. "हे काम एजंटकडे दिलं तर?" हा विचार कोणाच्याही मनात येईल, माझ्याही येतो. पण 'जतन करा' आणि 'काढून टाका' ही बटणं शेजारी असली तर? एजंटसाठी तो काही पिक्सेलचा फरक. आपल्यासाठी ते ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचं लेकरू आहे, ज्याचं नाव पटावरून चुकून निघालं तर विचारायला येणारंही कोणी नसतं. शिवाय प्रत्येक स्क्रीनशॉटमध्ये मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक असतात, आणि तो फोटो बहुधा शाळेबाहेरच्या संगणकावर जातो. पालकांनी मुलांची माहिती विश्वासाने आपल्याकडे दिली आहे, हे विसरून चालणार नाही.

म्हणून माझं मत असं: सराव करायचा तर खोट्या नावांच्या फॉर्मवर करावा. खऱ्या मुलांची माहिती एजंटसमोर उघडू नये. आणि शेवटचं बटण दाबण्याआधी माणसाने नाव न् नाव वाचावं. लॉगिन मुख्याध्यापकांचं असतं, तेव्हा जबाबदारीही त्यांच्याच नावावर पडते. माऊस कोणी हलवला, हे कोणी विचारत नाही.

पालकांनाही एक सांगणं आहे. शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा फॉर्म कोणीही भरून दिला, माणसाने वा यंत्राने, तरी छापील प्रत घ्या आणि मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. जन्मतारखेतली चूक पुढे दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत पोहोचू शकते.

चौकटींचा खेळ आपल्या वर्गात घेऊन बघा. मुलांनी काय काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा. त्यांच्या प्रश्नांवरच पुढचा पाठ घेऊ या.