आकडे मोजणारी मोटर

जुन्या इलेक्ट्रोमेकॅनिकल पिनबॉल यंत्रात एकही चिप नसते. तरी ते गुण मोजतं, कितवा चेंडू चालू आहे हे लक्षात ठेवतं आणि कुणी धसमुसळेपणानं हलवलं तर ‘टिल्ट’ म्हणून चेंडू बाद करतं. त्यासाठी त्याच्यापाशी असतात ते फक्त रिले (विजेच्या ओढीनं मिटणारे-उघडणारे स्विच), कॉइल, फिरत्या चकत्या आणि पातळ पट्ट्यांचे ढीगभर स्विच.

ही यंत्रं शिकागोची. गॉटलिब, विल्यम्स, बॅली हे नावाजलेले कारखाने इथलेच. १९४७ साली गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’त विजेवर चालणारे फ्लिपर आले आणि चेंडू खेळाडूच्या बोटांच्या ताब्यात आला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मायक्रोप्रोसेसर आले आणि गुण पडद्यामागे मोजले जाऊ लागले. मी या शहरात राहते आणि त्याआधीची यंत्रं दुरुस्त करते.

मला सगळ्यात जास्त आवडते ती स्कोअर मोटर. समजा चेंडू पन्नास गुणांच्या जागी आदळला. तो स्पर्श क्षणभराचाच, म्हणून एक रिले ओढला जातो आणि स्वतःच्याच एका स्विचमधून स्वतःला धरून ठेवतो. मोटर फिरू लागते. तिच्यावरच्या उंचवट्यांच्या चकत्या एक स्विच पाच वेळा मिटतात-उघडतात, गुण दाखवणाऱ्या चाकांपैकी दशकाचं चाक पाच घरं पुढे सरकतं, प्रत्येक घराला घंटी वाजते. शेवटी मोटरच रिलेची वाट तोडते, रिले सुटतो, मोटर जागेवर येऊन थांबते. पन्नास हा आकडा तुम्हाला ऐकू येतो! चाक नवावर असेल तर पुढच्या ठोक्याला शेजारचं चाकही एक घर सरकतं. हातचा एक धरायची ही रीत शाळेतलीच. आणि मध्येच वीज गेली, तरी चाकं होती तिथेच राहतात, गुण पुसले जात नाहीत.

म्हणून बिघाडही डोळ्यांनी शोधता येतो. मोटर थांबतच नसेल, तर सहसा कुठला तरी रिले सुटत नसतो. तो हेरायचा, मग वायरिंगच्या नकाशाचा मोठा कागद पसरून त्याला वीज कुठून मिळते ते बोटानं मागे मागे जात शोधायचं. बहुतेकदा सापडते ती एखादी वाकलेली पट्टी, उघडायला हवी तिथे चिकटून बसलेली. ती किंचित वळवायची. स्टेपर युनिटमधलं, म्हणजे ठोक्यागणिक एकेक घर सरकणाऱ्या चकतीतलं, वंगण वर्षानुवर्षांनी घट्ट होतं. ते पूर्ण पुसून काढायचं, वरून तेल ओतायचं नाही. चांदीच्या संपर्कबिंदूंवर सँडपेपर तर अजिबात नको, त्यानं चांदीच झिजते. नव्या यंत्रात बोर्ड बदलला की काम होतं. इथे यंत्र बनवणाऱ्याच्या विचारामागून चालत जावं लागतं, आणि मला तो प्रवास खेळापेक्षाही प्रिय आहे.

कुणाच्या तळघरात असं यंत्र पडून असेल, तर त्याचं काचेचं टेबल करू नका. थेट प्लगही लावू नका. आधी वायर आणि फ्यूज तपासा. पेटीच्या आत घडी करून ठेवलेला नकाशा सापडला तर तो जिवापाड जपा. आणि खेळून पाहायचं असेल तर कॅलिफोर्नियात अलमेडाला पॅसिफिक पिनबॉल म्युझियम आहे, तिथे ही यंत्रं खेळायला मिळतात.