पोटात घालणे

वडिलांच्या जुन्या जीपचे पाटे बदलून आमच्या चिरंजीवांनी ती दोन इंच उंच केली. मे महिन्यात गावी निघालो, तर वरंध घाटातल्या पहिल्याच खड्ड्यात ती अशी धाडकन आदळली, की मागे बसलेली आई कळवळली. बोलली मात्र एवढेच, "पुढच्या खेपेला मी आपली एस.टी.नं येईन हो."

चिरंजीवांचा चेहरा उतरला. परतल्यावर गॅरेजातले म्हातारे मिस्त्री जीपखाली शिरले. "पाटे नवे, शॉकअप जुनेच! चाक खाली लोंबलं की हे पुरते ताणून अडतात." पाटा भार पेलतो, त्याची उसळी आवरतो तो शॉकअप, आतले तेल बारीक छिद्रांतून रेटून. मिस्त्रींनी चाक पुरते खाली सोडून, मग पुरते वर दाबून मापे घेतली आणि बाजारातून लांब शॉकअप आणवून बसविले.

गेल्या दिवाळीत, बरीच मनधरणी करून, आईला त्याच वाटेने नेले. घाट उतरल्यावर मी शॉकअपला हात लावला. चांगला तापला होता! वाटेतल्या साऱ्या हिसक्यांची उष्णता करून त्याने ते पोटात घातले होते. मागे आई निवांत झोपली होती. इतकी वर्षे आमच्या घरातले हिसके कोणी पोटात घातले, हे उमजायला मला जीपखाली वाकावे लागले!