आज सुरमई नाही, बसा!

वीकएंडला कोकण म्हटलं की आपला प्लॅन ठरलेला. रात्रीची ट्रेन, पहाटे रत्नागिरी स्टेशन, बाहेर उभी असलेली गाडी आणि थेट गणपतीपुळे! फार तर वाटेत आरे-वारेच्या वळणावर फोटोसेशन. रत्नागिरी शहर? ते स्टेशनच्या पाटीपुरतं.

एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर खानावळ चालवणाऱ्या एका काकूंना याचा भयंकर राग आहे. 'आमच्या डोक्यावरून जाता आणि परतताना आंब्याची पेटी तेवढी मागता,' हे त्या तोंडावर सुनावतात. नाव छापायचं नाही, या अटीवर त्यांनी आपलं आवडतं रत्नागिरी दाखवायचं कबूल केलं. आणि तेही भर जुलैत, म्हणजे हॉटेलवाल्यांच्या भाषेत डेड सीझनला.

काकूंची पहिली आवडती जागा मिरकरवाडा बंदर. एरवी इथं पहाटेपासून लिलावाचा गलका, बर्फाचे ट्रक आणि टोपल्यांची धावपळ. जुलैत मात्र बोटी ताडपत्र्या पांघरून गपगार उभ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. 'असं शांत बंदर मला जास्त आवडतं. आत पिल्लं वाढतायत ना,' काकू म्हणाल्या. किल्ल्यावर म्हणजे रत्नदुर्गावर त्या भगवतीच्या दर्शनाला जातात हे खरं, पण तिथून खाली हेच बंदर दिसतं, हे कारणही तितकंच मोठं!

म्हणूनच खानावळीबाहेरच्या फळ्यावर या दोन महिन्यांत पहिली ओळ असते, 'आज सुरमई नाही. पापलेट नाही.' मग जे आहे ते. कुळथाची पिठी, सुकटाची चटणी, चुलीवर भाजलेला सुका बांगडा, फणसाच्या आठळ्या घातलेली टाकळ्याची भाजी, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. मासे खायला म्हणून गेलेल्या माणसाने हे वाचून तोंड वाकडं करणं साहजिक आहे. पण एकदा जेवून बघा, बॉस! बाहेर धो धो पाऊस आणि वाफाळत्या भातावर पिठी. सुरमईची आठवण आली तर सांगा.

पुढचा स्टॉप भाट्याचा पूल. काजळी नदी इथं समुद्राला मिळते. आत्ता खाडी लाल गढूळ होऊन भरून वाहत होती, तरी काकू कठड्याला टेकून उत्साहाने दाखवत होत्या, दिवाळीनंतर ओहोटीला बायका चिखलात कुठे उतरतात, तिसऱ्या कुठे मिळतात, कालवं कुठल्या खडकावर फोडतात. मेन्यूचा त्यांचा फंडा सिम्पल आहे. कॅलेंडर बघायचं! अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे ओहोटीही मोठी. पाणी लांबवर मागे जातं, जास्त चिखल उघडा पडतो, तिसऱ्या भरपूर. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा टोपली अर्धीच भरते. फळ्यावर तिसऱ्या कधी येणार, हे असं चंद्र ठरवतो.

थिबा राजवाड्यात त्या आम्हाला दहाच मिनिटं थांबू देत होत्या. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, पुढच्या वर्षी त्याला इथं आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथंच वारला. 'तीस वर्षं रत्नागिरीचं मासळी-भात खायला मिळालं, आणखी काय हवं होतं?' हा काकूंचा युक्तिवाद. (कैद्याला विचारायला हवं होतं, असं मनात आलं. पण वाद कोण घालणार?)

पतितपावन मंदिराजवळ मात्र त्या रेंगाळल्या. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, १९३१ मध्ये, भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून हे सर्व हिंदूंना खुलं असलेलं मंदिर उभं राहिलं. काकूंना त्यातही सहभोजनांचं अप्रूप. जातीपातीची पंगत मोडून लोक एका रांगेत जेवायला बसले, आणि १९३३ मध्ये तर त्यासाठी उपहारगृहही निघालं. 'खानावळवालीला याहून मोठं काय?' त्या म्हणाल्या आणि पदराने कपाळावरचं पाणी पुसलं.

मांडवीच्या जेटीवर लाटा बघत भेळ खाल्ली तेव्हा काकू खऱ्या विषयावर आल्या. मासळी कमी मिळते, महाग मिळते. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले, तरी पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचा वाद धुमसतोच आहे. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान आकार ठरला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. काकू त्याच्या कितीतरी आधीपासून तळहाताएवढं पापलेट परत पाठवतायत. गिऱ्हाईक मात्र तेच मागतं. स्वस्त, आणि ताटात अख्खं दिसतं!

त्यांची मुलगी पुण्यात आयटीत आहे. तिचं म्हणणं सरळ आहे. डीप फ्रीझर घे, बारा महिने सुरमई ठेव, नाहीतर जून-जुलैत खानावळीला टाळं लाव. हिशेब तिच्याच बाजूने आहे. आम्ही गेलो त्या दुपारी सहा टेबलांपैकी दोनच भरली होती. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या तरी काकू नारळी पौर्णिमेपर्यंत सुरमई घेत नाहीत. दर्याला नारळ दिल्याशिवाय कसं घ्यायचं, असं विचारतात. फ्रीझरचा विषय निघाला की पिठी ढवळायला निघून जातात.

आमचं जेवण चालू असताना फोन वाजला. कोल्हापूरचा ग्रुप, चौदा जण, ताजी सुरमई आहे का?

'नाही हो. कुळथाची पिठी आहे, सुका बांगडा आहे. येताय?'

पलीकडून बराच वेळ काही तरी चाललं होतं. काकूंनी फोन खांद्याला दाबून धरला, आतल्या मुलीला हाताने खूण केली, 'भात टाकू नको अजून,' आणि माझ्या ताटात न विचारता आणखी एक बांगडा वाढला.