जादा पंधरा विकला

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश, हे शाळेत एकदा घोकलं की माणूस जन्मभर विसरत नाही. प्रमेय पक्कं आहे. ते कुठल्या जमिनीवर उभं आहे, एवढंच सांगायचं राहून जातं. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवावरून एका रेखावृत्ताने विषुववृत्तापर्यंत खाली या, विषुववृत्ताचा चौथा हिस्सा पूर्वेकडे चाला आणि तिथल्या रेखावृत्ताने परत ध्रुव गाठा. तिन्ही कोपऱ्यांत काटकोन, बेरीज 270 अंश. त्रिकोण लहान करत गेलं की ही जादा भर क्षेत्रफळाच्या प्रमाणात घटत जाते. अल्बेर जिरारने हा नियम 1629 साली छापला. पृथ्वीच्या मापाने हिशेब केला तर साधारण 197 चौरस किलोमीटरला एक विकला, म्हणजे अंशाचा 3600वा भाग. महाराष्ट्राएवढ्या क्षेत्रफळाच्या त्रिकोणातही ती अर्ध्या अंशाला पोचत नाही. एकरभर रानात तर ती इतकी नगण्य, की बांधाच्या भांडणात पृथ्वीच्या गोलाईला साक्षीला बोलावून कोणाचंच भलं होणार नाही.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे. या रेषा मुळात सरळ नाहीतच, त्या वर्तुळाचे तुकडे आहेत. वाकड्या बाजूंचा त्रिकोण काढून बेरीज चुकली म्हणणं ही हातचलाखी झाली. खरी सरळ रेषा हवी तर पृथ्वीच्या पोटातून बोगदा खणा! पण त्या बोगद्यातून जाणार कोण? जो पृष्ठभागावरच राहतो त्याच्यापुरता सरळपणा दोन कसोट्यांवर ठरतो: चालताना डावी-उजवीकडे वळायचं नाही, आणि आसपास त्याहून जवळची वाट सापडता कामा नये. गोलावरची महावर्तुळं, म्हणजे गोल बरोबर केंद्रातून कापल्यावर कडेला उमटणारी वर्तुळं, या दोन्ही कसोट्यांना उतरतात. सपाट नकाशावर पट्टीने मारलेली रेघ बहुधा उतरत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क अशी पट्टी ठेवा, रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी पश्चिमेला जाईल. पृथ्वीगोलावर त्याच दोन गावांमध्ये दोरा ताणून धरा. तो मुंबईतून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे निघतो, आइसलंडच्या पूर्वेच्या समुद्रावर 65 अक्षांशाजवळ चढतो आणि मग खाली उतरतो. अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. वारे आणि बंद हवाई हद्दी यांमुळे विमानांना ही वाट तंतोतंत धरता येत नाही, हा भाग वेगळा.

दुसरा आक्षेप जास्त तिखट आहे आणि सहसा कोणी घेत नाही. कार्ल फ्रीडरिश गाऊसने 1820 नंतरच्या काळात जर्मनीतल्या हॅनोव्हर राज्याची मोजणी केली. त्यातला सर्वांत मोठा त्रिकोण होहेनहागेन, ब्रोकेन आणि इन्सेल्सबर्ग या तीन डोंगरमाथ्यांचा. बाजू साधारण 69, 85 आणि 107 किलोमीटर. दूरच्या शिखरावरून आरशाने उन्हाची तिरीप पाडायची आणि इकडून दुर्बिणीत ती धरायची, अशी त्याची रीत. आता प्रकाश तर हवेतून जवळजवळ सरळच येतो. तीन टोकांमधून एकच सपाट प्रतल जातं आणि त्यावरच्या त्रिकोणाची बेरीज 180च भरली पाहिजे. तरीही गाऊसच्या गणितात या त्रिकोणाला सुमारे 15 विकला जादा येतात. त्या येतात कुठून? उत्तर कोन मोजण्याच्या यंत्राच्या, थिओडोलाइटच्या, बैठकीत आहे. कोन घेण्याआधी ते यंत्र प्रत्येक माथ्यावर पाणसळीने समपातळीत आणावं लागतं, आणि समपातळी म्हणजे त्या जागच्या ओळंब्याशी काटकोन. पण 107 किलोमीटर अंतरावरचे दोन ओळंबे समांतर नसतात. त्यांच्यात जवळजवळ एक अंशाचा फरक असतो. तीन माथ्यांवर तीन वेगळी प्रतलं, म्हणून मोजला जातो तो गोलावरचा त्रिकोण. अवकाशच वक्र आहे का हे तपासायला गाऊसने हा खटाटोप केला, अशी एक लाडकी गोष्ट सांगितली जाते. इतिहासकारांचं तिच्यावर एकमत नाही, आणि तिच्यावाचून काही अडतही नाही.

कारण खरा चमत्कार पुढेच आहे. ओळंबा पृष्ठभागाबाहेर बोट दाखवतो, म्हणजे वक्रता कळायला बाहेरचीच मदत लागली, असं कोणी म्हणेल. गाऊसने 1827 साली सिद्ध केलं की लागत नाही. पृष्ठभागावरची अंतरं, आणि फक्त तीच, मोजून वक्रता काढता येते. ध्रुवाला खुंटी मारून विषुववृत्तापर्यंतची 10,000 किलोमीटरची दोरी फिरवा: परिघ 40,000 किलोमीटर, त्रिज्येच्या चौपट, तर सपाट जमिनीवर तो सव्वासहा पट असायला हवा होता. ढगांवर न जाता, मान वर न करता, जमीन गोल असल्याचं कळलं. उलट, कागदाची सुरळी केली तर ती डोळ्यांना वाकलेली दिसते; पण कागदावरचं एकही अंतर बदललेलं नसतं, म्हणून तिच्यावर काढलेल्या त्रिकोणाची बेरीज 180च राहते. बाहेरून दिसणारा बाक आणि भूमितीला कळणारा बाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूमिती पृष्ठभागाच्या मालकीची आहे, लांबून बघणाऱ्याच्या नाही. शिंप्याच्या हाताला हे केव्हाच ठाऊक आहे. सपाट कापड अंगाच्या गोलाईवर बसत नाही म्हणून तो ब्लाऊजला टक्स घालतो, म्हणजे पाचरीएवढं कापड शिवणीत गायब करतो. परकराला घेर हवा तर उलट कळी जोडतो, कापड जास्त होतं आणि कड लाटांसारखी हलू लागते. या दुसऱ्या जातीच्या पृष्ठभागावर त्रिकोणाची बेरीज 180हून कमी भरते. लोबाचेव्हस्की आणि बोल्याय यांनी त्या भूमितीचं शास्त्र अनुक्रमे 1829 आणि 1832 साली छापलं.

मग 180 अंशांचं प्रमेय ज्याच्या भूमितीतलं, तो युक्लिड खोटा ठरला का? मुळीच नाही. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीकडे बघा. विल्यम लॅम्बटनने ती 1802 साली मद्रासेजवळ सुरू केली, अर्ध्या टनाचं थिओडोलाइट बरोबर घेऊन तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि 1823 साली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. अशा मोजणीत गोलाईची जादा भर ही रोजची कारकुनी असते. फ्रेंच गणिती लजांद्रने 1787 साली दाखवलेली युक्ती अशी: जादा भर काढायची, तिचा एकेक तृतीयांश प्रत्येक कोनातून वजा करायचा आणि पुढचं गणित सपाट त्रिकोणाचं समजून सोडवायचं. लहान तुकड्यापुरता युक्लिड खराच असतो, आणि किती मोठ्या तुकड्यापुरता ते वक्रतेवरून सांगता येतं.

सगळा गोल एकदम सपाट करायला गेलं की मात्र निभाव लागत नाही. गोलाचा बिनचूक सपाट नकाशा होऊच शकत नाही, हे ऑयलरने 1775 साली सिद्ध केलं होतं; गाऊसच्या प्रमेयाने त्याचं मूळ दाखवलं. कोन सांभाळले तर क्षेत्रफळ बिघडतं, क्षेत्रफळ सांभाळलं तर आकार. नकाशाकार मर्केटरने 1569 साली खलाशांसाठी कोन सांभाळले, आणि त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. तेव्हा मुलांसाठी जगाचा नकाशा घेताना कोपऱ्यात प्रक्षेपणाचं, म्हणजे गोल सपाट करण्याच्या पद्धतीचं, नाव छापलंय का ते आधी बघा, आणि जमलं तर सोबत एक पृथ्वीगोलही घ्या.