गोठणगावचा विहार

मार्गशीर्षातील निवांत सकाळ. अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या ज्या मुलखाची ओळख महसुली दप्तरात धान, तलाव आणि जंगल एवढ्यावरच संपावी, त्याच मुलखात, गोठणगावाजवळच्या नॉर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीत आज गेलो; आणि झाडांआडून पंचरंगी पताका वाऱ्यावर हलताना दिसल्या, तेव्हा पाऊल आपोआप संथ झाले.

१९५९ साली दलाई लामांच्या पाठोपाठ ज्यांना देशत्याग करावा लागला, त्यांपैकी काही कुटुंबे १९७२ मध्ये येथे, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, वसली. आणि हिमपठारावर जव पिकविणाऱ्या हातांनी या उष्ण मातीत धानाची रोवणी आत्मसात केली. हिवाळ्यात कर्ती मंडळी लोकरी कपडे विकावयास परगावी जातात; म्हणून विहारात आज शांतता होती, शाक्यमुनींपुढे तेवणारे दिवे होते आणि मणिचक्र फिरवीत बसलेली एक वृद्ध माउली होती.

तिच्याजवळ बसून मनात आले, की याच भूमीतून नालंदेच्या आचार्यांबरोबर हिमालयापलीकडे गेलेला धम्म निर्वासितांच्या ओंजळीतून येथे परत आला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी तोच धम्म आमच्या गावोगावच्या वस्त्यांना पुन्हा मिळवून दिला. एका परंपरेने घर गमावूनही तथागत जपला, दुसरीने तथागताच्या आश्रयाने स्वतःचे माणूसपण परत मिळविले. आणि या दोन वाटा माझ्याच जिल्ह्याच्या मातीत इतक्या निकट आलेल्या पाहून माझे हात नकळत जुळले.