चौदा किलोमीटरचा दगड

पैठण रोडनं संभाजीनगरातून बाहेर पडलं की महानुभाव आश्रमाचा चौक जातो, कांचनवाडी, नक्षत्रवाडी जाते, आणि मग शहर संपलं की नाही हेच बराच वेळ कळत नाही. मंगल कार्यालयं, प्लॉटिंगच्या पाट्या, रसवंत्या, टायरची दुकानं. त्यातच चितेगाव येतं. तालुका पैठण, पण पोरांचं कॉलेज, दवाखाना, लग्नाचा बस्ता सगळं संभाजीनगरात. रस्त्याच्या एका अंगाला काळं रान, दुसऱ्या अंगाला कंपाउंडची भिंत. भिंतीला लागून चहाची टपरी, वेल्डिंगवाला, खानावळ, वजनकाटा. एप्रिलच्या दुपारी वारा सुटला की मोकळ्या रानातली धूळ आणि ग्राइंडरचा जळका वास एकदमच नाकात जातो. माझं शेड इथलंच. पत्रा कापायचा, दाबायचा, वाकवायचा आणि गाडीत भरून द्यायचा, हा आमचा धंदा.

या गावाचं नाव एके काळी देशभरच्या शेअरधारकांच्या घरी टपालानं जायचं. व्हिडिओकॉनचं नोंदणीकृत कार्यालय मुंबईत नव्हतं, इथं होतं. वार्षिक अहवालावर पत्ता छापलेला असायचा: चौदा किलोमीटर स्टोन, औरंगाबाद-पैठण रोड, गाव चितेगाव, तालुका पैठण. एवढ्या मोठ्या कंपनीचा पत्ता म्हणजे रस्त्याकडेचा मैलाचा दगड, ही गोष्ट मला लहानपणापासून फार आवडत आली आहे. 1982 साली दूरदर्शन रंगीत झालं, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ज्या टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीननं मध्यमवर्गाची घरं भरली त्यात या कंपनीचा वाटा मोठा होता. 2005 मध्ये तर तिनं फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीनमधले कारखाने आले. चितेगावातल्या माणसाला त्याचं अप्रूप होतंच, पण त्याहून जवळची गोष्ट म्हणजे एवढ्या मोठ्या कारखान्याला लागणारा क्लॅम्प, ब्रॅकेट, थर्माकोल, खोकी, पट्ट्या, रंग हे सगळं कुणीतरी जवळच बनवावं लागतं. शेतकऱ्यानं बांधावर चार खोल्या काढून भाड्यानं दिल्या, कुणी मेस काढली, कुणी टेम्पो घेतला, कुणी सेकंडहँड प्रेस आणून शेड टाकलं.

2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घेणेकऱ्यांचे मान्य झालेले दावे चौसष्ट हजार कोटींच्या वर. 2021 मध्ये मंजूर झालेली बोली तीन हजार कोटींच्याही आत. आणि तीही 2022 च्या जानेवारीत अपिलात रद्द झाली. हे आकडे पेपरात सगळ्यांनी वाचले. मला त्यातली दुसरी एक बाब जास्त महत्त्वाची वाटते. अशा प्रक्रियेत योजना मंजूर करायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीत मत असतं बँकांचं आणि वित्तसंस्थांचं. माल पुरवलेल्या छोट्या कारखानदाराला, ज्याचं बिल अडकलंय त्याला, तिथं सहसा मत नसतं. ही कायद्याची चौकट आहे, कुणा एकाची चूक नव्हे. पण या रस्त्यावर धंदा काढणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून ती ध्यानात ठेवायला हवी. मी ठेवली. एकाच गिऱ्हाइकावर शेड उभं करायचं नाही, हे माझं ठरलेलं आहे आणि त्यासाठी मी सोपी वाटणारी मोठी कामं सोडलेली आहेत.

आमच्या कामाला जॉब वर्क म्हणतात. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं, डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बहुतेक वेळा त्यांचीच, कधी कधी पत्रासुद्धा त्यांचाच. आमचा असतो तो हात, वीज आणि वेळ. दर ठरतो स्ट्रोकला, म्हणजे प्रेसच्या एका ठोक्याला, पैशांत. लोकांना वाटतं कारखानदार म्हणजे हजारो-लाखोंची बोलणी. आम्ही दोन माणसं चहाच्या टपरीवर बसून पाच पैशांवर अर्धा तास घालवतो, आणि त्या पाच पैशांतच वर्षअखेरीला मुलीची फी असते की नसते. पत्रा आपला असेल तर कापून उरलेलं भंगार हाच पुष्कळदा खरा नफा. म्हणून ब्लँक, म्हणजे कापायचा तुकडा, पत्र्यावर आडवा बसवायचा की तिरका, दोन ब्लँकमध्ये किती मिलिमीटर सोडायचे, यावर आम्ही लग्नाच्या मुहूर्तासारखा काथ्याकूट करतो.

सकाळी साडेआठला डाय लावायला घेतली की शेडमधला रेडिओ बंद होतो. आमचे सेटर मामा मोठ्या कारखान्यांच्या टूल रूममध्ये उभी हयात घालवून आलेले. ते आधी बोल्स्टर, म्हणजे डाय बसते ती प्रेसची पाटी, कापडानं पुसतात, मग तळहात फिरवून बघतात. कापडाला न दिसलेला छर्रा तळहाताला कळतो. डाय बसते, रॅम हातानं खाली घेतला जातो, पंच नि डायमधली फट ते उजेडाकडे धरून चारी बाजूंनी पाहतात. एका अंगाला कमी वाटली तर खाली कागदाएवढ्या पातळ पट्टीची शिम. मग पहिला पीस. तो ते आधी मोजत नाहीत. अंगठा कडेवरून फिरवतात. ‘बर आली,’ एवढंच म्हणतात, आणि पुन्हा पाना हातात घेतात. बर म्हणजे कापलेल्या कडेला राहिलेली ती बारीक धार. ड्रॉइंगमध्ये चालेल एवढीच होती तरी मामा चालवून घेत नाहीत. पाठीमागे टेम्पो उभा, गिऱ्हाइकाचा फोन वाजतोय, आणि एक म्हातारा माणूस कडेवरून अंगठा फिरवतोय. त्या पंधरा-वीस मिनिटांत मला घाई करायचा मोह होतो, आणि रोज मी तो आवरतो. मला आयुष्यात काय व्हायचंय असं कुणी विचारलं तर त्याचं अर्धं उत्तर त्या अंगठ्यात आहे.

उरलेलं अर्धं तारखांत आहे. दहा तारखेच्या आत पगार, पंधराला पीएफ नि ईएसआय, वीसला जीएसटी, मध्ये कधीतरी महावितरणचं बिल, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट. पत्रेवाला आठवड्याभरात पैसे मागतो. गिऱ्हाईक माल उतरवून घेतल्यापासून साठ, कधी नव्वद दिवस मोजतं. बिल फाडलं की त्यावरचा जीएसटी सरकारला भरायचा, मग पैसे आलेले असोत वा नसोत. लघुउद्योगांसाठी 2006 चा कायदा आहे: पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. 2024 च्या एप्रिलपासून आयकरातही तरतूद लागू झाली, की छोट्यांची देणी त्या मुदतीत फेडली नाहीत तर फेडेपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळणार नाही. कायदा चांगला आहे, मनापासून चांगला आहे. पण गिऱ्हाइकाविरुद्ध तो वापरायचा म्हणजे त्या गिऱ्हाइकाची पुढची ऑर्डर गेली असं धरूनच वापरायचा. त्यामुळे आम्ही कायदा खिशात ठेवतो आणि दर सोमवारी खरेदी विभागाच्या दारातल्या बाकावर नम्रपणे बसतो. त्या बाकावर माझ्या शेजारी बसलेली माणसं मला वर्षानुवर्षं ओळखीची झाली आहेत. रबराचे पार्ट करणारा, प्लेटिंगवाला, खोकी पुरवणारा. तिथं जेवढी एकमेकांना मदत होते, तेवढी मी कुठल्याच परिषदेत पाहिली नाही. कुणाकडे कॉइल जास्तीची आहे, कुणाला हेल्पर हवाय, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलंय, सगळं तिथंच कळतं.

घरी गेल्यावर आई विचारते, ‘आज काय काम निघालं?’ तिला आकडा नको असतो. शेड चालू होतं ना, माणसं जेवली ना, एवढं ऐकायचं असतं. बायको रात्री हिशोबाची वही बघते. नवरा-बायकोचं निम्मं बोलणं पावत्यांवरून होतं, आणि मला ते कमी प्रतीचं संसारसुख वाटत नाही. दोघांनी मिळून एखादं बिल वसूल झाल्याची खूण वहीत करणं यात केवढा जिव्हाळा असतो, हे धंदा करणाऱ्या घरांनाच ठाऊक असेल.

आता या रस्त्याला पुन्हा चढती कळा आली आहे. पुढं बिडकीनला ऑरिकची सात हजार आठशे पंचावन्न एकरांची औद्योगिक वसाहत 2024 च्या सप्टेंबरात राष्ट्राला अर्पण झाली. त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्करनं राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, सुमारे वीस हजार कोटींचा. एथरनं विजेच्या दुचाकींचा कारखाना जाहीर केला. रस्त्यानं मोठमोठ्या क्रेन जातात. जायकवाडीहून शहराला पाणी नेणाऱ्या सातशे आणि चौदाशे मिलिमीटरच्या जुन्या वाहिन्या याच वाटेनं गेल्यात, आता अडीच हजार मिलिमीटरची नवी आली. ते पाइप कडेला पडलेले असताना त्यांत माणूस उभा राहू शकायचा. इथं मोठं जे काही येतं ते असं डोळ्यांसमोरून जातं, आणि त्यातलं थोडं आपल्या दारात वळवता येईल का, हा विचार प्रत्येक छोट्या शेडवाल्याच्या मनात असतो. माझ्याही आहे. 1985 मध्ये वाळूजला बजाज सुरू झाली तेव्हा तिच्या आधारानं या शहरात कितीतरी छोटे पुरवठादार उभे राहिले आणि त्यांतले काही पुढं स्वतःच मोठे झाले. ते खोटं नाही. तसं होऊ शकतं.

मात्र मला त्या वाटेनंच मोठं व्हायचंय का, हे मी अलीकडे स्वतःला स्पष्ट विचारतो. मोठ्या गाडी कंपनीचा पुरवठादार होणं म्हणजे आणखी मोठं शेड, आणखी मोठं कर्ज, नवी मशिनं, आणि तरीही ड्रॉइंग दुसऱ्याचंच. मी वर्षानुवर्षं लाखो पीस दिले. त्यांतला एकही कुणी हातात घेऊन हे कुणी केलं असं विचारणार नाही, कारण तो कशाच्या तरी आत असतो. यात कमीपणा नाही. पण आयुष्यभर तेवढंच करायचं, हे मनाला पटत नाही.

फाल्गुनात नाथषष्ठीला दिंड्या याच रस्त्यानं पैठणला जातात. आम्ही शेडच्या दारात पाण्याचे जार आणि केळी ठेवतो. वारकरी टेकतात, पाय चोळतात, आत डोकावतात. ते पुढं निघाले की मला पैठणचा विचार येतो. पेरिप्लस या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे, की पैठणहून गाड्या भरभरून मौल्यवान दगड भरूचच्या बंदरावर जायचे, वीस दिवसांची वाट. म्हणजे हा मुलूख तेव्हापासून दूरच्या बाजाराला माल पुरवतोय. आणि त्याच पैठणात मागावर बसलेला विणकर एका पैठणीला महिनेच्या महिने देतो. पदरावरचा मोर उलटा धरला तरी तसाच दिसतो, आणि बघणाऱ्याला तो पैठणचा आहे हे सांगावं लागत नाही. लाखो पीस करणाऱ्या माझ्यासारख्याला त्या विणकराचा हेवा वाटतो, हे मी मोकळेपणानं सांगतो. हेवा पैशाचा नव्हे, ओळखीचा.

म्हणून आम्ही स्वतःची एक वस्तू करायला घेतली आहे. शेतातल्या मोटारीची स्टार्टर पेटी. आमच्या विहिरीवरची जुनी पेटी मी कितीदा पाहिली असेल: बिजागरी तुटलेली, दार तारेनं बांधलेलं, तळ गंजून भोक पडलेलं, आणि त्या भोकातून आत शिरलेल्या पाली. पावसात वडील ओल्या हातानं ती तार सोडायचे तेव्हा आई दारातून ओरडायची. बाजारात पेट्या मिळतात, स्वस्तही मिळतात. पण सगळ्यांचा पत्रा पातळ आणि सगळ्यांचं दार तिसऱ्या पावसाळ्यात लोंबतं. आम्ही जस्ताच्या मुलाम्याचा पत्रा घेतला, वरच्या कडेला पाणी आत वळू नये म्हणून पन्हाळ काढली, बिजागरीची पिन पूर्ण लांबीची केली, खाली वायरीसाठी रबरी बूच. भंगाराच्या पत्र्यातून पहिले नमुने काढले आणि ओळखीच्या शेतकऱ्यांच्या बांधावर लावले. ढोरकीनकडच्या एका मोसंबीवाल्यानं सांगितलं, कडी डाव्या हातानंही निघाली पाहिजे, उजव्या हातात बॅटरी असते. रात्रीच्या विजेवर पाणी देणाऱ्या माणसालाच हे सुचू शकतं. आम्ही कडी बदलली.

आता अडलंय ते नावावर. झाकणावर अक्षरं पत्र्यातच उठवायची आहेत, स्टिकर नको. मामांचं म्हणणं असं, की अक्षर खोल घेतलं तर कोपऱ्यात जस्त तडकतं आणि पहिल्याच पावसाळ्यात आपल्याच नावातून गंजाचे ओघळ उतरतील. उथळ घेतलं तर रंग आणि धूळ बसल्यावर वाचता येणार नाही. ‘भाऊ, नावाची पट्टी करून रिव्हेटनं मारू,’ ते म्हणतात. पट्टी मारायला सोपी, पण काढायलाही सोपी. मला ती नको आहे. तीन दिवस यावर आमचं जेवणाच्या सुट्टीत बोलणं चाललं. शेवटी ठरलं ते असं: खोली अर्धाच मिलिमीटर, अक्षरं मोठी आणि सुटी, पंचचे सगळे कोपरे गोल. रविवारी प्रेस बंद असते, तेव्हा मामा पंच घासायला बसणार आहेत. पत्र्याची ऑर्डर गेली आहे; अर्धे पैसे दिलेत, अर्धे माल उतरल्यावर. पहिला लॉट मृगाच्या आत बांधावर पोचवायचा आहे.