कवाडाचे कपाट

कसबा पेठेपासून धायरी दहा-बारा किलोमीटर. संध्याकाळच्या गर्दीत सिंहगड रस्त्याने बसला तास-सव्वा तास सहज लागतो. परवापरवापर्यंत धायरी म्हणजे आमच्या लेखी खडकवासल्याला भजी खायला जाताना वाटेत लागणारा एक फाटा होता. आता तेथे आमचे घर आहे. सहावा मजला, पश्चिमेला तोंड, आतून मोजले तर ५४५ चौरस फूट. पेठेतला वाडा पाडायला निघाला, मालकांनी भाडेकरूंना द्यायचे ते दिले, त्यात आमची शिल्लक आणि बँकेचे कर्ज मिळवले आणि किल्ल्या हाती आल्या. कर्जाच्या हप्त्यात माझा जवळजवळ निम्मा पगार जातो. मराठीच्या प्राध्यापकाचा पगार म्हणजे किती, हे वाचकांनी अदमासाने जाणावे.

किल्ल्या मिळाल्याच्या आठव्या दिवशी एक इंटिरियरवाले गृहस्थ घर पाहून गेले. त्यांनी एका लाल ठिपक्याने भिंती मोजल्या, चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी ५,४०,००० रुपयांचा अंदाज धाडला. सोबत आश्वासनही होते : आता काही भरू नका, सगळे हप्त्याने होईल. सौभाग्यवतींनी तो कागद वहीत ठेवला आणि वहीच्या नव्या पानावर दोन आकडे लिहिले. एक ७५,००० रुपयांचा. घर लावायला आमच्यापाशी तेवढेच होते. दुसरा १,६०,००० चा; तो लेकीच्या पुढच्या वर्षाच्या कॉलेजच्या फीचा. दुसऱ्या आकड्याभोवती त्यांनी चौकट काढली आणि म्हणाल्या, "अहो, ह्या चौकटीच्या आत कोणी पाऊल टाकायचे नाही. आणि सामानासाठी नवा हप्ता घ्यायचा नाही."

चौकट जिच्यासाठी होती, तीच कुरकुरली. "मग मैत्रिणी आल्या की मी त्यांना बसवू कुठे? फरशीवर?" प्रश्न रास्त होता. त्याहून अवघड प्रश्न आईचा होता. तिचे वय पंचाहत्तर. धायरीला यायचे नाही असे ती कधी म्हणाली नाही. "तुम्ही जा पुढे, लावा सगळे. मी राहते थोडे दिवस भावाकडे," एवढेच म्हणाली. आईचे थोडे दिवस म्हणजे किती, हे मला ठाऊक होते.

धंद्याने मी शब्दांत रमणारा, म्हणून एक गोष्ट सांगतो. 'फर्निचर' ह्या शब्दाला अस्सल घरगुती मराठी शब्द सापडत नाही. खुर्ची आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आली. पण कोनाडा, फडताळ, खुंटी, मांडणी, वळणी हे शब्द घरचे. आणि त्यांतले पुष्कळसे सामान भिंतीतच बसलेले असे. वाड्याच्या भिंती हात-दीड हात जाड. दिवा कोनाड्यात, लोणच्याची बरणी फडताळात, सदरा खुंटीला आणि अंथरूण वळणीवर. बिऱ्हाड हलवायचे म्हणजे भांडी, वळकट्या, पाट आणि देव उचलायचे. बाकीचे घर घरातच राही. आजच्या फ्लॅटच्या भिंती टीचभर जाडीच्या. त्यांत कोनाडा कुठून निघणार? खिळा ठोकायचा तरी ड्रिल आणावे लागते. भिंतीने पोटातले सगळे बाहेर टाकले, आणि ते आता आपल्याला दुकानातून विकत घ्यावे लागते. पाच लाख चाळीस हजारांचे मूळ मला तेथे दिसले.

तेव्हा मी दर सुट्टीला धायरीहून पुन्हा पेठांत जाऊ लागलो. पुण्याच्या पेठांत अजून धंद्यांच्या नावाच्या आळ्या आहेत. शोरूममध्ये केलेली वस्तू मिळते. आळीत करणारा माणूस मिळतो, आणि आपल्याला हवे तेवढेच करून मागता येते.

पहिली गोष्ट वाड्यातूनच आणली. आमच्या दोन खोल्यांचे कवाड सागवानी होते, दुहेरी फळ्यांचे, वर लोखंडी कडी. वाडा पडू लागला की जुन्या लाकडाचे व्यापारी खांब, तुळया, कडीपाट सगळे ठोक भावात उचलतात. मालकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "न्या की. तीन पिढ्या तुम्हीच लावलेत ते दार." संस्कृतात 'कपाट' म्हणजे दाराची फळी. त्याचेच प्राकृताच्या वाटेने 'कवाड' झाले. आणि मराठीत 'कपाट' मात्र दारे असलेल्या लाकडी पेटाऱ्याला चिकटले. म्हणजे कवाडाचे कपाट करणे हे व्याकरणाला धरूनच होते. हे मी घरात सांगितले तेव्हा कोणी फारसे हसले नाही.

सुतार पेठेतलाच. त्याने फळीवर आधी रंधा चालवला नाही. खिशातून लोहचुंबक काढून ती इंचाइंचाने तपासली. जुन्या लाकडात खिळ्यांची मोडकी टोके रुतलेली असतात, आणि एक टोक करवतीच्या पात्याचे दात घालवायला पुरेसे होते. त्या दोन फळ्यांतून एकोणीस खिळे निघाले. मग रंधा फिरला. वरचा काळा थर गेल्यावर आतले लाकूड मधाच्या रंगाचे निघाले आणि सगळ्या वर्कशॉपभर सागाचा वास सुटला. "सर, असे वाळलेले लाकूड आता पैसे देऊन मिळत नाही. हे आता वाकायचे नाही आणि फुगायचेही नाही," तो म्हणाला. फळ्या दर्शनी राहिल्या. बाजू आणि मागचा भाग साध्या प्लायचा. कडी होती तिथेच ठेवली. मजुरी, प्लाय आणि किरकोळ धरून १६,५०० रुपये.

त्याच्या मुठीला पितळी कड्या हव्या होत्या. त्यासाठी एका रविवारी मंगळवार पेठेकडच्या जुन्या बाजारात गेलो. जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरणारा म्हणून पुण्यात प्रसिद्ध. जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीवर पान्हे, बिजागऱ्या, बंद पडलेली घड्याळे, टेलिफोनचे सांगाडे, कोणाच्या तरी लग्नातल्या तसबिरीची रिकामी चौकट. माणसाच्या घरातून काय काय बाहेर पडते ते पाहायचे असेल तर तेथे तासभर उभे राहावे. सुताराची विद्या मी तेथे वापरली. लेकीच्या शाळेच्या दिवसांतला एक लोहचुंबक खिशात होता. पितळेला चुंबक धरत नाही. वरून पितळी पाणी दिलेले लोखंड मात्र चटकन ओढले जाते. चार कड्यांपैकी दोन चिकटल्या. विक्रेत्याने माझ्याकडे पाहिले, चुंबकाकडे पाहिले, आणि न बोलता दुसऱ्या दोन पुढे केल्या. चारी मिळून तीनशे वीस रुपये, आणि वर दोन बिजागऱ्या.

पश्चिमेच्या उन्हाचा प्रश्न बुरूड आळीने सोडवला. एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर आमची बाहेरची खोली भट्टीसारखी तापे. जाड पडदे लावून पाहा, असे सर्वांनी सांगितले. पण पडदा काचेच्या आत असतो. ऊन काच ओलांडून आत आले की त्याची धग आतच राहते. ऊन काचेच्या बाहेरच अडवले पाहिजे, आणि हे काम जुने लोक बांबूच्या चिकाने करीत. सौभाग्यवती आणि मी मापे घेऊन गेलो. रस्त्याच्या कडेला बांबू उभे, समोर एक मावशी कोयत्याने कामट्या काढत बसलेल्या. बांबू चिरताना त्या बोटांनी कामटीची जाडी जोखत होत्या, नजर मात्र आमच्याकडे.

"मावशी, हिरव्या पाठीचा भाग वेगळा का ठेवता?" सौभाग्यवतींनी विचारले.

"ताई, पाठ टिकते, पोट किडते. उन्हापावसात लावायचे तर पाठीचेच घ्या. चार पैसे जास्त पडतील."

बांबू आधी पाण्यात बुडवून ठेवतात तेही त्यांनीच सांगितले. त्यातली साखर-पिठूळपणा पाण्यात उतरतो आणि भुंग्याला खायला काही उरत नाही. तीन खिडक्यांचे तीन चीक ४,२०० रुपयांना ठरले. सहाव्या मजल्यावर वारा फार, म्हणून खालच्या कडेला बांधायला दोऱ्या आणि दोन ठिकाणी जाड कामटी घालून दिली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हरकत घेतली, मग एका दुपारी ते आमच्याकडे सरबत पिऊन गेले, आणि आता त्यांच्याही खिडकीला चीक आहे. उरलेल्या कामट्यांची जुडी मावशींनी पैसे न घेता दिली. लेकीने त्यांचा षट्कोनी आकाशकंदील केला आहे. एक बाजू किंचित तिरकी झाली आहे, पण ती वाऱ्यावर फिरत असल्यामुळे कळत नाही.

बोहरी आळीबद्दल फार लिहीत नाही. रंग, कुंचले, स्क्रू, पडद्याच्या नळ्या, सगळे तेथे मिळते आणि माणूस यादीबाहेरचे घेऊन परत येतो. एका भिंतीला आम्ही घरीच गेरूच्या छटेचा रंग दिला. दहा बाय बारा फुटांच्या भिंतीला दोन हात द्यायला दोनेक लिटर पुरले. बाकीच्या भिंती बिल्डरने दिल्या तशा पांढऱ्याच आहेत. तुळशीबागेत तर जाणे झाले नाही असा पुणेकर संसार नाही. नारो आप्पाजी खिऱ्यांनी १७६१ मध्ये तेथे राममंदिराचे काम सुरू केले आणि ते पुरे व्हायला १७९५ उजाडले. देवाचे घर चौतीस वर्षांनी पुरे झाले, तर आमचे सहा महिन्यांत का व्हावे, असे मी म्हणालो. त्यावर सौभाग्यवतींनी चाळण्या आणि पोळपाट माझ्या हातात दिले.

बसायच्या जागेचा प्रश्न राहिला होता. वाड्यातल्या तीन जुन्या गाद्यांचा कापूस चांगला होता. तो पिंजून घेतला आणि त्याच्या दोन बैठकी गाद्या, चार लोड आणि सहा तक्के झाले. अभ्रे सोलापुरी चादरीचे. सगळे मिळून ७,८०० रुपयांत सहाजणांची बैठक झाली. लेकीच्या मैत्रिणी आल्या, लोडांना टेकून मध्यरात्रीपर्यंत हसत बसल्या, आणि सोफ्याचे नाव त्यानंतर मी ऐकलेले नाही.

आता आईचे. तिच्यापाशी तांब्याचे एक घंगाळ आहे. तिचे माहेर नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, मागोमाग खडकवासला फुटला, लकडी पुलावरून पाणी गेले, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. माणसे उंचावर गेली म्हणून वाचली. घरात मात्र चिखलाखेरीज काही उरले नाही. जिन्याखाली अडकलेले हे घंगाळ तेवढे सापडले. पुढे पत्र्याच्या अर्धगोल झोपडीत त्यांनी नवा संसार मांडला तो ह्या एका भांड्यावर. त्याच्या अंगावर वितभर पोचा होता. माझ्या मनात ते बाहेरच्या खोलीत, गेरूच्या भिंतीपुढे, पोच्यासकट ठेवायचे होते. इतिहास असलेली वस्तू रोज कुठे मिळते?

मामाकडून आईला घेऊन मी तांबट आळीत गेलो. कसब्यातच राहिलेल्या माणसाला ती आळी आधी कानांनी कळते. पेशवाईत कोकणातून आलेले त्वष्टा कासार येथे भांडी ठोकत आले. बंब-घंगाळांचे दिवस गेले, घरोघर गीझर आले. आता त्याच हातांखालून दिव्यांच्या छत्र्या आणि कुंड्या निघतात. पण ठोका तोच. जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर भांडे फिरवत, एकाशेजारी एक, सारख्या अंतराने हातोडीचे चट्टे उमटवत जायचे. ह्याला मठारकाम म्हणतात. दिसायला ती नक्षी. पण ठोक्याने पत्रा कडक होतो आणि पातळ पत्र्याचे भांडेही चेपत नाही.

कारागिराने घंगाळ फिरवून पाहिले. "आजी, पोचा ठेवू की काढू? आजकाल लोक ठेवा म्हणतात."

मी बोलणार एवढ्यात आई म्हणाली, "काढा. पुराची खूण मला घरात कशाला हवी? साठ वर्षे ते भांडे हिंदकळते आहे, सरळ बसू दे."

त्याने ते भट्टीत लाल केले, निववले आणि ठोकायला घेतले. आई स्टुलावर बसून पाहत होती. पाऊण तासाने पोचा गेला आणि मठाराच्या ओळींत त्याची जागाही सापडेना. सातशे रुपये झाले. चिंच-मिठाने आईनेच ते घासले. परतताना रिक्षात ती मला म्हणाली, "तुझ्या घरी स्वयंपाकघरात ओट्याखाली जागा आहे ना रे?"

त्याच आठवड्यात तिची वळकटी, देव्हारा आणि दोन पाट धायरीला आले. गेरूच्या भिंतीपुढची जागा अजून रिकामीच आहे. घंगाळ ओट्याखाली असते आणि त्यात कांदे-बटाटे असतात. मी एकदा विषय काढून पाहिला. "तांब्यात हवा खेळती राहते," असे उत्तर मिळाले. हे शास्त्र मी कुठे वाचलेले नाही, पण वादही घातलेला नाही.

वहीतला हिशेब सौभाग्यवतींनी मला कोजागरीला दाखवला. खर्च ५८,९४०. चौकट शाबूत. उरलेल्यात पुस्तकांची मांडणी व्हावी असे माझे मत, आणि आतल्या खोलीला पंखा व्हावा असे आईचे. बहुधा पंखाच होईल. त्याआधी बोहरी आळीतून पडद्याच्या कड्या आणायच्या आहेत; मोजून सोळा, आणि सोळाच आणा, असे बजावले गेले आहे.